अप्पा मुळ्ये घर दाखवत नाहीत

घर ही दर्शनाची गोष्ट आहे आणि दर्शनाला पात्रता लागते, असा अप्पा मुळ्यांचा सिद्धान्त आहे. देवळात शिरताना पाय धुतात, तसं परक्या घरात शिरताना माणसाने आधी आपली ऐपत दाखवावी. हा सिद्धान्त अप्पा आपल्या पडवीत, भोकं पडलेल्या बनियनवर, समोरच्या माणसाचं पासबुक डोळ्यांपासून लांब धरून सांगतात. पासबुकात फारसं काही नसलं तर अर्ध्यावरच सोडून देतात.

अप्पा घरांची दलाली करतात. निदान दारावरच्या पाटीवर तसं लिहिलेलं आहे. रत्नागिरीत बंद घरांना तोटा नाही. मालक मुंबईला, कुलूप दाराला आणि किल्ली अप्पांकडे, अशी आमच्या झाडगावातल्या कितीतरी घरांची व्यवस्था आहे. या किल्ल्या ओटीवरच्या खुंट्यांना टांगलेल्या असतात. गावातले बाकीचे दलाल गिऱ्हाईक दिसलं की किल्ली घेऊन त्याच्या पुढे चालू लागतात. घर दाखवतात, विहीर दाखवतात, घराला विहीर नसली तर शेजाऱ्याची दाखवतात. अप्पा "बसा" म्हणतात. त्यांच्याकडे घर बघायला आलेल्या बहुतेकांनी रत्नागिरीत फक्त अप्पांची पडवी बघितलेली आहे.

परीक्षा मोठी असे. पगार काय, त्यातला हातात किती येतो, सोसायटीचं कर्ज आहे का, भाऊ किती आणि त्यांतले एकमेकांशी बोलणारे किती. बरोबर बायको असली तर तिला वेगळं विचारत, "हे घर घेणार आहेत, हे तुम्हाला माहीत आहे ना?" पुष्कळदा नसे. मग चपला. पायरीशी काढलेल्या चपला अप्पा बसल्या जागेवरून न्याहाळत. वरून चकचकीत आणि टाचेला झिजलेल्या चपलेवर त्यांचा विशेष राग होता.

निकाल तोंडी सांगायची पद्धत नव्हती. माणूस पास झाला तर आतून कोकमाचं सरबत येई. ओटीच्या दाराआडून एक हात तबक पुढे करी आणि मागे जाई. तो हात अप्पांच्या थोरल्या बहिणीचा, वत्सूताईंचा. त्या पुढे कधी येत नसत. नापास झालेल्याला पाणी मिळे आणि पाण्याबरोबर एसटीची वेळ.

"पाचची देवरूख मिळेल तुम्हाला. रिकामी असते."

एकदा एका गृहस्थाने, आपण इथलेच, गोखले नाक्यावर राहतो, असं जरा रागाने सांगितलं.

"मग चालत जा," अप्पा म्हणाले.

पुण्याचे एक साहेब आले होते. समोर समुद्र दिसेल असं घर हवं, असं तीनतीनदा सांगत होते. अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. "समुद्र सरकारी आहे. तुम्ही घराचं बोला." घराचं बोलण्यासारखं साहेबांकडे फारसं नव्हतं. त्यांना पालीमार्गे जाणारी गाडी मिळाली.

उठता उठता प्रत्येक जण एकच वाक्य म्हणे. "अहो, घेणं न घेणं पुढचं. नुसतं बघायला काय जातंय?"

"बघणाऱ्याचं काही जात नाही," अप्पा म्हणत आणि अडकित्ता उचलत. अडकित्ता उचलला की बोलणं संपलं.

पैशानेच सगळं भागतं असंही नव्हतं. राजिवड्याचे इब्राहिमभाई दुबईहून आले ते रोख घेऊनच. अप्पांनी त्यांनाही फेऱ्या मारायला लावल्या. "पैसे दिसले. राहणार कोण?" इब्राहिमभाई म्हणाले, आई आणि बायको. "त्यांना विचारलंत?" शेवटी इब्राहिमभाईंनी आईला रिक्षात घालून आणलं. म्हातारी आणि अप्पा आंब्याच्या मोहोरावर तासभर बोलले, सरबत आलं, घर दाखवलं गेलं आणि विकलंही गेलं. पुढे इब्राहिमभाई मला म्हणाले, "प्रोफेसर, दुबईचा विजा फोटोवर मिळाला. इथे आईला हजर करावी लागली."

माझा यावर एक सिद्धान्त होता. अप्पा निवृत्तीपूर्वी कोर्टात बेलिफ होते. आयुष्यभर लोकांच्या घरांवर जप्त्या नेल्या. ऐपत नसताना घेतलेल्या घराचं काय होतं ते त्यांनी जवळून पाहिलं होतं, म्हणून ही पडवीतली परीक्षा. मी कॉलेजात इतिहास शिकवतो. कारणं लावायची सवय आहे. हे कारण मला इतकं पटलं होतं की ते मी दोन-चार ठिकाणी बोलूनही दाखवलं.

अप्पा आणि मी शेजारी. मधल्या दगडी गडग्याच्या पलीकडे नागवेकरांच्या दोन खोल्यांत मी आणि सुधा, माझी बायको, भाड्याने राहत होतो. अप्पा मला मास्तर म्हणत. मी प्राध्यापक आहे, असं एकदा सांगून पाहिलं. "पगार मास्तरचाच ना?" ते म्हणाले. ते खरं होतं.

एका थंडीत नागवेकर आमच्याकडे आले आणि बराच वेळ हवेवर बोलले, तेव्हाच मला शंका आली. त्यांचा मुलगा मुंबईला गिरणीत होता. संप लांबला, गिरणी उघडेना, मुलगा बायकापोरं घेऊन परत येणार होता. खोल्या पावसाआधी मोकळ्या करून हव्या होत्या. त्यांनी हात जोडले. हात जोडणाऱ्याशी भांडता येत नाही.

मी गडगा ओलांडून अप्पांकडे गेलो. वरच्या आळीत एक लहान घर होतं, त्याची किल्ली मला खुंटीवर दिसत होती.

"मास्तर, तुमची ऐपत मला नव्याने काय विचारायची? गडगा बुटका आहे," अप्पा म्हणाले. "वीस तारखेनंतर तुमच्याकडे मासे तळल्याचा वास येत नाही."

"अप्पा, निदान बघू तरी द्या."

त्यांनी अडकित्ता उचलला. गाडीची वेळ सांगायची तर मी दहा पावलांवर राहत होतो. त्यांची थोडी पंचाईत झालेली दिसली. "पाणी घ्या," एवढंच म्हणाले.

मग आम्ही दुसऱ्या दलालांबरोबर हिंडलो. दर रविवारी. घर बघण्याइतका दमवणारा उद्योग दुसरा नसेल. एकीकडे वासे वाळवीने खाल्लेले, एकीकडे पाणी मार्चलाच आटणारं, एकीकडे भावाभावांचा दावा. किंमत ऐकून मान डोलवायची, बाहेर येऊन गप्प चालायचं. संध्याकाळी घरी आलो की आपल्याच भाड्याच्या खोल्या आपल्याला परक्या वाटत.

परटवण्याकडच्या एका घरात एक म्हातारं जोडपं राहत होतं. मुलगा परगावी, घर विकायला काढलेलं. दलाल आम्हाला सरळ आतल्या खोलीत घेऊन गेला. म्हातारा अंथरुणावर पडून होता. आम्हाला बघून तो धडपडत उठला आणि गादी गुंडाळू लागला.

"असू दे, झोपा तुम्ही," मी म्हणालो.

"नाही, नाही. बघा ना. खाली चांगला कोबा आहे," म्हातारा म्हणाला. त्याने गादी छातीशी धरली आणि आम्हाला जमीन दिसावी म्हणून भिंतीला टेकून उभा राहिला.

बाहेर आल्यावर सुधा म्हणाली, "मी आता कोणाचं घर बघणार नाही."

"मग राहायचं कुठे? पडवीत?"

"अप्पांचं बरोबर आहे."

अप्पांचं काही बरोबर असू शकतं, हे मला नवीन होतं. मी माझा बेलिफचा सिद्धान्त तिला पुन्हा सांगू लागलो. तिने मला मध्येच थांबवलं. सुधाचं मागच्या दाराने वत्सूताईंकडे जाणंयेणं होतं. गेली काही वर्षं जे मी पडवीतून शोधत होतो, ते तिला परसातून केव्हाच कळलं होतं.

वत्सूताईंना लग्नाच्या वयात खूप स्थळं बघून गेली होती. त्यांचे वडील हौशी होते. कोणी नुसतं विचारलं तरी ते म्हणत, "या ना, बघून जा. बघायला काय जातंय?" माणसं येत, पोहे खात, मुलीला चालून दाखवायला सांगत, रामरक्षा म्हणायला सांगत, आणि कळवतो म्हणून जात. वर्षानुवर्षं हे चाललं. "आमच्या पोह्यांना मात्र कोणी नावं ठेवली नाहीत हो," असं वत्सूताई सुधाला हसत सांगत. शेवटचं स्थळ देवरूखकडचं होतं. मंडळी पाच-सहा जण. सगळं बघून झालं. निघताना त्यांनी स्टँडचा रस्ता विचारला आणि वडिलांनी अप्पांना बरोबर धाडलं. अप्पा तेव्हा मिसरूड फुटलेले. ते पुढे चालत होते आणि मागे मंडळी आपसात बोलत होती. मुलगी बघायची असं काही ठरलेलं नव्हतं. कोर्टाचं काम लवकर आटोपलं, पाचच्या गाडीला वेळ होता आणि उन्हात स्टँडवर कुठे बसायचं, म्हणून आले होते. "वेळ बरा गेला," त्यांतला एक जण म्हणाला.

हे अप्पांनी वत्सूताईंना पुष्कळ वर्षांनी सांगितलं; त्या दिवशी घरी येऊन वडिलांना काय सांगितलं ते त्यांना ठाऊक नाही. त्यानंतर त्या घरी बघायला कोणी आलं नाही, एवढं खरं.

"आणि अप्पांचं लग्न?" मी विचारलं.

"ते म्हणाले, मी मुलगी बघायला जाणार नाही. न बघता करीन."

"मग?"

"न बघणाऱ्याला मुलगी कोण देतं? लोकांना वाटलं, ह्याच्यातच काहीतरी खोट आहे."

बेलिफचा सिद्धान्त मी मागे घेतला. वाईट वाटलं. चांगला होता.

मे महिन्यात अप्पांचा धाकटा भाऊ मधू डोंबिवलीहून आला. घरातला आपला वाटा तो दिवाळीपासून मागत होता. मधू काही वाईट माणूस नव्हे. दोन खोल्यांत तीन मुलं, त्यांतलं थोरलं लग्नाला आलेलं. वाट्याचे पैसे अप्पांकडे नव्हते, तेव्हा घर विकणं आलं. गावाची घरं विकणाऱ्या अप्पांनी आपलं घर विकायला आहे, ही गोष्ट सहा महिने कोणाला कळू दिली नव्हती. पडवीत आलेला प्रत्येक जण त्यांना या घराला अपुरा वाटत होता. मधूने कंटाळून गिऱ्हाईक स्वतःच आणलं.

मी गडग्याशी लाकडं रचत होतो. मधू पुढे, मागे मुंबईचे कोणी पाटकर आणि त्यांच्या पत्नी.

"या, संकोच करू नका."

अप्पा पडवीत उभे राहिले. "मधू, यांचं काय ते विचारलंस का?"

"अप्पा, तुझं ते सुरू करू नको हां. बघू दे त्यांना. बघायला काय जातंय?"

पाटकर भले वाटत होते. हसून म्हणाले, "आम्ही गणपतीपुळ्याला आलो होतो. मुंबईच्या गाडीला वेळ आहे, तर मधूभाऊ म्हणाले, बघून जा."

अप्पांच्या हातात अडकित्ता होता. तो त्यांनी खाली ठेवला आणि दारातून बाजूला झाले. घर एकट्याचं नव्हतं.

मंडळी आत गेली. ओटी, माजघर, मागची खोली, असे त्यांचे आवाज लांब होत गेले. मागच्या खोलीतून बाईंचा आवाज आला, "इथे बाथरूम निघेल बघा." मग थोड्या वेळाने, हळू, "ह्या इथेच असतात का? म्हणजे, नंतर कुठे जाणार?" मधू काहीतरी म्हणाला, ते मला ऐकू आलं नाही.

मंडळी बाहेर येऊन बाकावर बसली. मधू चहाला आत हाक मारणार, तेवढ्यात फोडणीचा वास आला. आणि मग वत्सूताई स्वतः पडवीत आल्या. इतकी वर्षं शेजारी राहून मी त्यांना पहिल्यांदाच पुढच्या दारात बघत होतो. साठी उलटलेली बाई, अंगभर पदर, हातात तबक, तबकात पोह्यांच्या बशा. त्यांनी त्या एकेक करून सगळ्यांपुढे ठेवल्या.

"लिंबू हवं तर आहे," त्या म्हणाल्या.

"वा! पोहे झकास हो," पाटकर म्हणाले.

वत्सूताईंनी अप्पांकडे बघितलं. त्यांच्या तोंडाच्या कोपऱ्यात हसू होतं. बघ, अजूनही नावं ठेवत नाहीत, असं काहीसं. अप्पा हसले नाहीत. ते खुंट्यांकडे बघत होते.

पाटकरांनी घड्याळ बघितलं. "स्टँड इथून जवळच ना?"

"मी येतो दाखवायला," अप्पा म्हणाले आणि बनियनवर सदरा चढवला.

वाटेत मागची माणसं काय बोलली, मला माहीत नाही. परत येताना अप्पा इतके हळू येत होते की मी लाकडं रचायची थांबवून बघत राहिलो. मग माझं मलाच कसंतरी वाटलं आणि मी आत गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गडग्यावरून हाक आली. "मास्तर, पासबुक घेऊन या. आणि बायकोलाही आणा."

आम्ही बाकावर बसलो. परीक्षा पहिल्यापासून झाली, गडगा बुटका असूनही. बदली होणारी नोकरी आहे का, फंडातून किती निघेल, गावच्या जमिनीत माझा हिस्सा आहे की नुसताच म्हणतात. मग सुधाकडे वळले. "तुमचं काय?"

"दोन पाटल्या आहेत. त्या देईन. मंगळसूत्र देणार नाही."

"मंगळसूत्र मी कोणाचं मागत नाही," अप्पा म्हणाले. त्यांनी पासबुक मिटलं. "मधूचा वाटा तुम्ही द्यायचा. माझा आणि ताईचा मी मागत नाही. आम्ही आहोत तोवर ताई मागच्या खोलीत राहील, मी पडवीत. आमच्यामागे सगळं तुमचं. कागद पक्का करू."

मी सवयीने विचारलं, "घर एकदा बघून घेऊ?"

"बघायचं नाही. घ्यायचं असेल तर घ्या."

"अप्पा, न बघता घर कोण घेतो?"

"म्हणून तर विचारतोय," अप्पा म्हणाले. आवाजात नेहमीची तुसडी धार नव्हती. पासबुक परत द्यायचंही ते विसरले होते. मी इतिहासाचा माणूस, पुरावा बघितल्याशिवाय काही मानत नाही. अप्पांनी अडकित्ता अजून उचललेला नव्हता.

"आम्ही घेतो," सुधा म्हणाली.

अप्पांनी मान हलवली आणि दाराकडे बघितलं. दाराआडून हात आला, हातात तबक, तबकात सरबताचे पेले. आणि आतून आवाज आला, "सुधा, तू आत ये गो. तुझ्यापासून काय लपवायचंय?" सुधा आत गेली. मी बाहेर बसून सरबत प्यायलो. बरं होतं. जरा आंबट.

पाऊस लागायच्या आत आम्ही गडग्याच्या अलीकडे आलो. स्वयंपाकघर अंधारं आहे. विहीर दोन घरांत मिळून आहे आणि दुसऱ्या घराचं म्हणणं ती त्यांचीच आहे. माजघराच्या खिडकीत फणसाची फांदी शिरलेली आहे, ती कापायला अप्पांची परवानगी नाही. बघून घेतलं असतं तर हे घर मी घेतलं नसतं.

अप्पा अजून पडवीत असतात. किल्ल्या खुंटीवर असतात. मध्यंतरी आमचे प्राचार्य सहज भेटायला आले, त्यांना अप्पांनी बाकावर बसवून घेतलं आणि पगार विचारला. प्राचार्यांनी सांगितला. मी आतून बाहेर येईपर्यंत त्यांना पाणी मिळालेलं होतं. कायद्याने ती पडवी माझी आहे. हे अप्पांना सांगायला मी चांगला दिवस बघतो आहे.

वत्सूताईंची खोली मी अजून बघितलेली नाही. कागदावर तीही माझी आहे. दर वर्षी मे महिन्यात कौलं चाळावी लागतात, म्हणजे एकेक कौल काढून, झाडून, पुन्हा जागेवर बसवायचं. गड्याबरोबर मीही वर चढतो. मागच्या खोलीवर आलो की अप्पा अंगणात येऊन उभे राहतात आणि ओरडतात, "मास्तर, तिथे खाली बघायचं नाही. गड्याला पण सांगा." मग आम्ही दोघं समुद्राकडे तोंड करून, हातांनी चाचपत कौलं बसवतो. ती खोली दर पावसाळ्यात गळते.